‘भक्त’ शब्दाची कैफियत

गेल्या दहाबारा वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या स्तंभांत, सभासंमेलनांत आणि नाक्यावरच्या गप्पांतही ‘भक्त’ या शब्दास एक नवाच अर्थ चिकटला असून, जो कोणी एखाद्या पुढाऱ्याच्या, नटाच्या किंवा बुवाच्या पायाशी आपला विचार गहाण टाकतो, त्याच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करावयास कंबर कसून उभा राहतो आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगावर धावून जातो, त्यास बेधडक भक्त म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द उच्चारताना ओठांवर तुच्छतेचे स्मित असले म्हणजे झाले. अर्थ कोणी विचारीत नाही. पेरणी उरकून आषाढीसाठी पंढरीची वाट धरणारा शेतकरी आणि सभेच्या मांडवात भाडोत्री घोषणा देणारा जमाव हे दोन्ही अशा रीतीने एकाच सदराखाली जमा झाले, आणि ही जमाबंदी कोणाच्या हुकमाने झाली याची चौकशी करण्याची गरज आमच्या सुशिक्षितांस वाटली नाही.

केवळ निष्काळजीपणाचा हा प्रकार असता तर त्यावर एवढा कागद खर्च करण्याचे कारण नव्हते; परंतु या नव्या अर्थाचे तत्त्वतः समर्थन करणारा एक विचारी पक्ष आपल्यात आहे आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. हा पक्ष म्हणतो की, शब्दाला हा अर्थ अपघाताने आलेला नाही. भक्ती म्हणजे शरणागती, शरणागती म्हणजे स्वतःच्या बुद्धीचा राजीनामा, आणि सातशे वर्षे ज्या समाजाने देवळाच्या उंबरठ्यावर मस्तक टेकण्याचा अभ्यास केला, त्याचे मस्तक राजकीय व्यासपीठासमोरही आपोआप टेकू लागले तर त्यात नवल ते कसले? या पक्षाच्या हाती डॉ. आंबेडकरांच्या घटनासमितीतील भाषणाचा आधार असतो. आणि अखेर तो असेही बजावतो की, भाषा लोकांची असते, लोकांनी एकदा शब्द फिरवला की कोशकाराने तो मुकाट्याने नोंदवून घ्यावा, त्यावर मनाई हुकूम आणण्याचा खटाटोप करू नये.

व्यक्तिपूजेविषयी या पक्षास वाटणारी चिंता मलाही वाटते, हे आरंभीच सांगून टाकतो. रोग आहे, तो फैलावतो आहे, आणि तो कोणा एका पक्षाच्या वा पंथाच्या लोकांपुरता मर्यादित नाही. परंतु त्याला दिलेले नाव खोटे आहे, आणि खोट्या नावामुळे निरोगी माणसाची बदनामी होऊन रोगी मात्र सन्मानाने मिरवतो, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाची वंशावळ पाहू. संस्कृतातील ‘भज्’ या धातूचा मूळ अर्थ वाटणे, वाट्याला येणे, वाटेकरी होणे असा असून भाग, विभाग, भाग्य, विभक्ती, आणि शाळेत ज्यांनी आपल्याला घाम फोडला ते भाज्य व भाजक, हे सारे त्याच कुळातले. खुद्द ‘भक्त’ या रूपाचा एक अर्थ शिजवलेला तांदूळ असा होता, आणि आपल्या रोजच्या पानातला भात हा त्या भक्ताचाच प्राकृतातून घरंगळत आलेला अवशेष होय. पाणिनीच्या चौथ्या अध्यायात भक्ती या अर्थी लागणारे प्रत्यय सांगणारा एक लहानसा भाग आहे. वासुदेवाच्या आणि अर्जुनाच्या भक्तास कोणता प्रत्यय लावावा हे तेथे सांगितलेले असल्यामुळे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी वासुदेवभक्तीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून त्याकडे बोट दाखविले. परंतु त्याच भागात, अवघी दोन सूत्रे आधी, अचेतन वस्तूंच्या भक्तांचीही सोय लावलेली आहे, आणि वृत्तिकारांनी तिचे उदाहरण दिले आहे ‘आपूपिक’, म्हणजे पुव्यांचा भक्त! ज्याचा ज्यावर जीव, ज्याचा ज्यात वाटा, तो त्याचा भक्त. शब्दाच्या बालपणी त्याला नाक घासण्याचा वास नव्हता. व्युत्पत्ती हा निर्णायक पुरावा नव्हे आणि पाणिनीच्या साक्षीवर आजचा खटला निकालात निघत नाही, हे मान्य. तथापि वाटेकरीपणाची ही मूळची छटा पुढे मराठी संतांच्या वाणीत कशी उफाळून आली ते पाहणे अगत्याचे आहे.

गीतेतील भक्तांची चतुर्विध वाटणी सर्वांना ठाऊक आहे: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यांत प्रश्न विचारणाऱ्यास हक्काची जागा आहे. ज्याला प्रश्नच पडत नाही अशा पाचव्याची नोंद नाही. आणि शरणागतीचा जो श्लोक प्रतिपक्ष नेहमी पुढे करतो, त्याच्या तीनच श्लोक आधी, सांगितले त्या सर्वाचा पुरता विचार करून मग आपल्या इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक अर्जुनाला दिलेली आहे, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते.

पण शास्त्रग्रंथ बाजूला ठेवू. महाराष्ट्रात भक्त या शब्दाचा अर्थ ठरला तो चंद्रभागेच्या वाळवंटात, आणि तो ठरविणारी माणसे शिंपी, कुंभार, माळी, महार आणि दासी होती. नामदेव तर विठ्ठलाचा लाडका. ज्याच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष जेवला अशी कथा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, तोच नामदेव देवाच्या दारात उभा राहून देवाची कीर्ती आणि देवाची करणी यांतील तफावत त्याच्या तोंडावर मांडतो, पतितांचा उद्धारकर्ता म्हणून तुझा लौकिक ऐकून आलो होतो, तो लौकिक फोल ठरत असेल तर माझा मार्ग मला मोकळा आहे, असे सुनावून पाठ फिरवितो. आजच्या कोणत्या तथाकथित भक्ताने आपल्या पुढाऱ्याच्या बंगल्यासमोर उभे राहून जाहीरनाम्यातल्या एखाद्या कलमाचा असा जाब विचारला आहे, ते मला कोणी दाखवून द्यावे. बरे, हा लाडका भक्तही परीक्षेतून सुटला नाही. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणाचे मडके भाजले आहे आणि कोणाचे कच्चे राहिले आहे याची पाहणी केली, तीत नामदेवच कच्चे ठरले, आणि या अपमानाने प्रथम खवळलेले नामदेव अखेर विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, ही कथा संप्रदायाच्या शत्रूंनी रचलेली नव्हे. संप्रदायानेच ती जपली आणि कीर्तनाकीर्तनांतून आवडीने सांगितली. कथेत इतिहास किती हा प्रश्न येथे गौण आहे. जे मंडळ आपल्यातल्या सर्वांत लाडक्या माणसाला सर्वांदेखत कच्चा ठरवू शकते आणि ती हकीकत अभिमानाने सांगते, त्या मंडळात बुद्धीचे राजीनामे घेण्याची वहिवाट असावी, हे संभवत नाही.

जनाबाईचे तर बोलूच नये. नामदेवाच्या घरची ही दासी. दळताकांडताना देवाने येऊन हात लावावा इतकी तिची त्याच्याशी सलगी, आणि त्याच सलगीच्या हक्काने ती विठोबाला अरेतुरे करीत ज्या शिव्यांची लाखोली वाहते, त्यांतल्या काही आजच्या सोवळ्या नियतकालिकात छापावयास संपादक धजणार नाही. चोखोबांची तक्रार याहून गंभीर. देऊळ ज्यास बंद, तो महाद्वाराशी उभा राहून विटाळाचे मूळ कोठे आहे आणि त्यातून सुटलेला असा कोण आहे याची उलटतपासणी करतो, बडव्यांच्या मारहाणीची फिर्याद थेट देवाकडे गुदरतो. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली हा वेठीचा मजूर गेला. त्याचा मुलगा कर्ममेळा बापाइतकाही संयम पाळीत नाही. आम्हांस हीन ठरवून उष्ट्यावर दिवस काढावयास लावले, याचा दोष तो कोणा ब्राह्मणावर वा राजावर न ठेवता सरळ श्रीपतीच्या पदरात घालतो.

एकनाथांचा काळ निजामशाही अंमलाचा, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. तेव्हा नाथांनी आपल्या भारुडांत देवाशी बोलताना सरळ दफ्तराचीच भाषा उचलली आणि अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र असे सरकारी कागद रूपकाने रंगविले. या रूपकाची योग्यता आमच्या टीकाकारांच्या पुरती ध्यानात आलेली दिसत नाही. अर्जदस्त लिहितो कोण? ज्याचा त्या दरबारात काही हक्क आहे, ज्याचे गाऱ्हाणे वाचले जाईल आणि ज्यावर बरावाईट शेरा पडेल अशी ज्याची खात्री आहे, तो. हुजऱ्यास अर्ज लिहावा लागत नाही. तो मालकाच्या कानाशीच उभा असतो, आणि मालकास रुचेल तेवढेच त्या कानात घालतो. भक्त आणि हुजऱ्या यांच्यातील अंतर नाथांच्या या एका रूपकाने जितके उघड केले, तितके ते अनेक प्रबंधांनी होणार नाही.

आणि तुकोबा. दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, व्यापाराचे दिवाळे निघाले, पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा हा मनुष्य तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून देवाच्या दारात धरणे धरून बसला असे परंपरा सांगते, आणि भांडणाच्या एका टोकाला जाऊन त्याने आपल्यापुरता देवाचा मृत्युलेखही लिहून ठेविला. याच तुकोबांनी पाइकीचे अभंग रचले, ज्यांत धन्यासाठी गोळ्याबाणांचा मारा अंगावर घेणारा शिपाई हा निष्ठेचा आदर्श म्हणून उभा आहे. निष्ठा आणि फिर्याद, दोन्ही एकाच माणसात, एकाच गाथेत. त्या दोहोंचा ज्यांना मेळ बसत नाही त्यांनी गाथा वरवर चाळली आहे.

यावर असे उत्तर येते की, हे सारे प्रेमाचे लटके भांडण. शेवटी संत शरणच जातात ना? जातात, यात संशय नाही. परंतु ते कोणास शरण गेले, आणि त्या शरणागतीने त्यांचा कणा इतरत्र मोडला की ताठ झाला, हा खरा प्रश्न आहे. नवविधा भक्तीच्या यादीत दास्य हे सातवे असून त्याच्या पुढची पायरी सख्याची आहे, हा ग्रंथातला मुद्दा मी ताणून धरीत नाही. इतिहासाचाच दाखला घेऊ. १८६७ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजात तुकोबांच्या अभंगांवर निरूपणे करणारे रानडे आणि भांडारकर हे त्या काळातील पहिल्या प्रतीचे चिकित्सक. आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून देऊन जातभाईंचा रोष ओढवून घेणारे भांडारकर आणि वासुदेवभक्तीचे मूळ शोधणारे भांडारकर हे दोन भांडारकर नव्हेत. १९४७ च्या मे महिन्यात पांडुरंगाचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरात सानेगुरुजींनी प्राण पणास लावले, ते देवावर रुसून की देवाच्या नावाने त्याच्या कारभाऱ्यांस जाब विचारावा म्हणून? आणि गाडगेबाबा! हातात खापर आणि खराटा घेतलेला हा कीर्तनकार श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत नवससायासांचा, बोकडांच्या बळींचा आणि दगडाच्या देवांचा असा फडशा पाडी की, एखाद्या नास्तिकाने त्यास गुरू करावे. तरीही त्याच्या मुखी भजन असे आणि महाराष्ट्र त्यास संत म्हणत आला. या माणसांच्या माना कोणत्या व्यासपीठापुढे वाकल्या होत्या, ते प्रतिपक्षाने सांगावे.

आता डॉ. आंबेडकरांच्या साक्षीकडे वळतो, कारण प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट शस्त्र तेच आहे आणि सर्वांत अर्धवट वाचले गेलेलेही तेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीतील समारोपाच्या भाषणात त्यांनी, मिलचा हवाला देऊन, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नका असे बजाविले, आणि राजकारणातील भक्ती ही अधोगतीकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे असा इशारा दिला. इशारा अक्षरशः खरा आहे. परंतु त्याच वाक्यसमूहात त्यांनी धर्मातील भक्ती वेगळी काढली आणि ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल असे म्हटले, ही दुसरी बाजू उद्धृत करणाऱ्यांच्या कात्रीतून वाचत नाही. बाबासाहेबांचा आक्षेप होता तो एका क्षेत्रातील भाव दुसऱ्या क्षेत्रात तस्करीने नेण्यावर; आणि आमचे टीकाकार, त्यांचेच नाव घेऊन, ज्या दोन वस्तू त्यांनी काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या त्या एका शब्दात पुन्हा कालवून टाकतात! संतांनी जातिसंस्थेविरुद्ध लढा उभारला नाही, मनुष्यामनुष्यांतील नात्यापेक्षा मनुष्य आणि देव यांच्या नात्याकडेच त्यांचे लक्ष राहिले, असा कठोर अभिप्राय ‘जातिनिर्मूलना’च्या वादात गांधीजींना उत्तर देताना त्यांनी नोंदविला होता, हे मी लपवीत नाही. पण त्यांनीच १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन भक्तांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी ज्या संस्थेच्या स्वाधीन केली ती बाबासाहेबांचीच पीपल्स एज्युकेशन सोसायटी होती. चोखोबा ज्या अर्थाने भक्त होते त्या अर्थाची बाबासाहेबांस चाड होती. ज्यांना ती नाही त्यांनी निदान त्यांचे नाव मध्ये घालू नये.

राजकारणातील एकनिष्ठेस काय म्हणावे याचा तर आपल्या पूर्वजांनी स्वच्छ निकाल लावून ठेविला होता. मराठेशाहीच्या कागदपत्रांत धन्याशी असलेल्या नात्याचे बोलणे निघाले की, शब्द येतात ते इमान, एकनिष्ठा, निमकहलाली असे. मनुष्य खाल्ल्या मिठास जागतो किंवा निमकहराम होतो. हे सारे शब्द देवघेवीचे आहेत. त्यांच्यामागे तनखा, सरंजाम, वतन, इनाम यांचा जमाखर्च उघड दिसतो, आणि म्हणूनच ते प्रामाणिक आहेत. देवाचे खाते निराळे, धन्याचे निराळे. हा भेद केवळ मराठ्यांनीच केला असेही नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील म्हणून विदिशेच्या दरबारी आलेला हेलिओदोर नावाचा यवन तेथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारतो आणि शिलालेखात स्वतःस भागवत म्हणवून घेतो. चाकरी अंतलिकित राजाची, भक्ती वासुदेवाची. दोहोंत गल्लत नाही. त्याच स्तंभावर स्वर्गास नेणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या दम, त्याग आणि अप्रमाद. अप्रमाद म्हणजे सावधपणा, जागेपणा. आंधळेपणाचा इतका नेमका विरुद्धार्थी शब्द एका परदेशी भक्ताने बावीस शतकांपूर्वी दगडावर कोरून ठेवावा, आणि आपण भक्त म्हणजे आंधळा असे समीकरण मांडावे!

राहिला भाषा लोकांची हा मुद्दा. भाषा लोकांची खरीच, आणि चांगले शब्द घसरतात याची उदाहरणे मीच प्रतिपक्षास पुरवितो. अशोकाची ‘देवानांप्रिय’ ही पदवी पुढच्या संस्कृतात मूर्ख या अर्थी रूढ झाली. त्याच्याच शिलालेखांत कोणत्याही धर्मपंथास आदराने लावलेला ‘पासंड’ हा शब्द आज पाखंड होऊन बसला आहे. परंतु हे शब्द केव्हा घसरले याचा विचार करा. पदवी धारण करणारा राजवंश लयास गेला होता. शब्द मूळ अर्थाने वापरणारे कोणी उरले नव्हते. मालकच नाहीसा झालेल्या मिळकतीचा ताबा शेजाऱ्याने घेतला. ‘भक्त’ या शब्दाची गोष्ट तशी नाही. त्याचे मालक हयात आहेत, आळंदीहून आणि देहूहून दरसाल पायी निघतात, आणि त्यांच्या भाषेत या शब्दाला अद्याप दुसरा अर्थ नाही. त्यांना न विचारता, त्यांच्या देखत, शब्दाचे खातेपालट करणे यास लोकभाषेचा विकास म्हणत नाहीत. मग ‘लोक’ कोण? शहरांतील काही हजार वाद घालणारी मंडळी लोक, आणि वाटेवरचे लाखो लोक नव्हेत काय?

आणि सुशिक्षितांची ही हौस मुळी नवी नाहीच. वारकऱ्यांस टाळकुटे म्हणून हिणविण्याचा शौक जुना आहे. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात रानड्यांनी संतांच्या कार्यास स्वतंत्र प्रकरण देऊन स्वराज्याच्या मशागतीचे श्रेय त्यांना दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांस ते मानवले नाही, आणि त्यांनी सहिष्णू व जयिष्णू असा भेद करून आपले निराळे प्रतिपादन केले. त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा येथे करीत नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, त्या काळच्या कडव्यात कडव्या टीकाकाराचाही आरोप भक्त राजकारणाकडे पाठ फिरवितात, असा होता. आज आरोप आहे तो ते राजकारण्यांच्या पायांशी लोळण घेतात, असा. एकाच शब्दावर परस्परविरुद्ध असे दोन गुन्हे शाबीत करता येत नाहीत. निदान दुसऱ्या खटल्यातील आरोपी चुकीचा पकडला गेला आहे, असा संशय फौजदारास यावयास हवा होता.

काही मध्यममार्गी ‘अंधभक्त’ या शब्दाने तडजोड सुचवितात. त्यात डोळस भक्त असू शकतो अशी कबुली आहे, तेवढ्यापुरता तो शब्द बरा. पण व्यवहारात ‘अंध’ हे विशेषण घाईगर्दीत गळून पडते आणि शिवी भक्तावरच येऊन थांबते. शिवाय आंधळेपणाचा अविचाराशी हा जो संबंध जोडला जातो तोही मला पसंत नाही. विदर्भातील गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात, इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन, त्यांनी शंभरावर पुस्तके रचली आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही खंडनासाठी परामर्श घेतला. त्यांचे खंडन पटो वा न पटो, खंडन करण्यासाठी आधी प्रतिपक्षाचा ग्रंथ मुळातून ऐकून घेणारा हा आंधळा भक्त, आजच्या डोळस वादपटूंत किती जणांना साधेल असे काम करून गेला.

परंतु या नव्या प्रयोगाने केलेली सर्वांत मोठी हानी अजून सांगावयाची राहिली आहे, आणि ती प्रयोग करणाऱ्यांच्याच पक्षाची आहे. भक्त हा शब्द कधी एकटा येत नाही. तो उच्चारला की त्याच्यासमोर देव उभा राहतो. एखाद्या पुढाऱ्याच्या अनुयायास तुम्ही भक्त म्हटले त्याच क्षणी त्या पुढाऱ्याची प्राणप्रतिष्ठा तुम्ही स्वतःच्या हातांनी केलीत. विधी तुमचा, मंत्र तुमचा, दक्षिणा तेवढी तो घेणार. म्हणूनच पाहा, ज्यांना हा शब्द शिवी म्हणून फेकून मारला त्यांनी तो झेलून छातीवर बिल्ल्यासारखा लावला. होयबा म्हटले असते तर कोणी तो बिल्ला लावला असता काय? खुशमस्कऱ्या म्हटल्याचा अभिमान बाळगणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही. चोख शिवी हाताशी असताना टीकाकारांनी सन्मानाची पदवी बहाल केली, आणि वर ती टोचत का नाही म्हणून आश्चर्य करीत बसले! भागवताने तर याहून पुढे जाऊन, वैराने किंवा भयाने का होईना, जो अखंड स्मरण करतो तोही शिशुपाल आणि कंस यांच्याप्रमाणे त्याच पदास पोचतो असे सांगितले आहे. त्या मापाने पाहू गेल्यास सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच पुढाऱ्याच्या नावाचा द्वेषाने जप करणारे आमचे कित्येक टीकाकार हे त्याचे परमभक्त ठरावेत. पण शास्त्रार्थ इतका ताणू नये.

ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्यासाठी मराठीचे कोठार रिकामे नाही. पोटासाठी स्तुती करणारा तो खुशमस्कऱ्या; मालकाच्या दाराशी तिष्ठणारा तो हुजऱ्या; मागून सूर धरणारा झीलकरी; कानाला लागणारा बगलबच्चा; पुस्तके वाचूनही न शिकलेल्यास समर्थांनी एक अख्खा समास खर्चून दिलेले नाव आहे, पढतमूर्ख. आणि ज्याला यांतून काहीच मिळत नाही, जो भाबडेपणाने, भीतीने किंवा गर्दीच्या ओढीने कोणाच्या तरी मागे चालला आहे, त्या बिचाऱ्यास नुसता अनुयायी म्हणावे. त्याची कीव करावी, त्याच्याशी बोलावे, त्यास शिवी देण्याचे कारण नाही.

वृत्तपत्रांच्या संपादकांस आणि लेखकबंधूंस माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी लेखणी या शब्दावर येईल तेव्हा तिला क्षणभर थांबवावे, ज्याच्याविषयी लिहीत आहोत त्याने आपल्या दैवतास आजवर एखादा तरी अवघड प्रश्न विचारला आहे काय हे पाहावे, आणि विचारला नसेल तर वरच्या यादीतला साजेल तो शब्द निवडून, कोणताही संकोच न बाळगता, छापावा.